चिकटपट्टीवर तारीख

वीस वर्षं मी रजिस्टर लिहितेय.
नाव, वय, जुलाब किती, उलट्या किती,
काय खाल्लं होतं.
हा शेवटचा रकाना हळूहळू
माझ्यासोबत घरी यायला लागला,
माझ्याआधी ताटावर बसायला लागला.

सप्त्यातली भगर, सदतीस जण.
लग्नातली बासुंदी, एकशे चार, व्हरांड्यात सतरंज्या.
आणि एक पोरगी, सहा वर्षांची,
तिची शीर सापडत नव्हती
आणि मी म्हणत होते, मूठ आवळ गं बाई, मूठ आवळ.
(वाचली ती. आता दहावीला आहे.
तरी माझ्या बोटांना ती अजून सहाचीच आठवते.)

त्या उन्हाळ्यापासून लोणचं बंद.
दुकानातून बाटली आणायची,
तारीख चष्मा लावून वाचायची,
वाचून झाली तरी हुंगायची.
भानुदास म्हणायचा, तू जेवत नाहीस, तपासणी करतेस.

यंदा जैबुनखालांनी भिंतीवरून पाटी सरकवली.
गावरान कैऱ्या, देठाशी चीक काळा पडलेला.
"घाला सिस्टर. झाड असं रोज रोज येत नाही."

नळाला पाणी आठव्या दिवशी.
आलं तेव्हा आधी बरण्या धुतल्या, मग आम्ही अंघोळी केल्या.
तीन दिवस बरण्या पत्र्यावर पालथ्या.
वसमतचं ऊन, पाय टेकवला तर कातडं मागं राहील.
खाला म्हणाल्या, "याला आपण काय काय बोललो!
हिरीचं पाणी यानंच नेलं, माझी म्हैस यानंच नेली.
आता लावा की जरा कामाला."

फोडी एकेक पुसल्या, जखम पुसावी तशा.
दवाखान्यातून बाद झालेला बाळं तोलायचा काटा
माझ्याकडे आहे, त्यावर तोललं सगळं.
कैऱ्या पाच किलो, म्हणजे जुळी, चांगली भरलेली.
मीठ सव्वा किलो.
एवढ्या वजनाचं बाळ आलं की आम्ही आईशी
फार बोलत नाही, नुसतं गुंडाळत राहतो.
मीठ ओतताना हात थोडा थांबला.
मग गावचीच हळद, मोहरीची डाळ, हिंग,
करडईचं तेल तापवून पुरतं निवलेलं,
फोडी बुडून वर चार बोटं.
चिकटपट्टीवर तारीख, वेळ, माझी सही,
सलाईनच्या बाटलीवर करते तशी.

तिसऱ्या रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उठले.
बरणीत बुडबुडा.
मग अजून एक.
उजाडेपर्यंत ओट्याला टेकून बसले.
खालांनी दादरा सोडला, कान लावला,
"मुरतंय ते. मुरताना बोलतंच."

धाकट्या बरणीत मात्र पोरीनं ओला चमचा घातला होता.
आठव्या दिवशी वर पांढरी लव, मांजराच्या पिलासारखी.
"वरचं काढून टाका," खाला म्हणाल्या.
मी ऐकलं नाही. सगळी बरणी खड्ड्यात, वर माती.
हात धुतले, उशिरापर्यंत धुतले,
आणि लक्षात आलं, छातीत धडधडत नाहीये.
एक बरणी बिघडली, एक नाही,
आणि कोणती कोणती ते मला दिसलं होतं.

आषाढात पहिली फोड मीच खाल्ली,
शुक्रवारी, सगळे झोपल्यावर, कोरड्या चमच्यानं.
शनिवारी दिवसभर स्वतःवर लक्ष ठेवलं.
रविवारी वाढलं.

रात्री रजिस्टर नव्हतं समोर, तरी मनात लिहिलं.
नाव : घरातले चार, अधिक जैबुनखाला.
काय खाल्लं होतं : ज्वारीची भाकरी, पिठलं, कैरीचं लोणचं.
जुलाब : नाही.
उलटी : नाही.
शेरा : भानुदासनं अजून एक फोड मागितली.
दिली.